तापल्यावर अडणारं इंजिन तापलेलं असतानाच तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात कोकण किनाऱ्यावरच्या लहान होड्यांची एक तक्रार नेमानं ऐकू येते. सकाळी पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू झालेलं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं) इंजिन दुपारी जाळ्यापाशी किंवा पर्यटकांना उतरवताना दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवलं, की पुन्हा सुरू होत नाही. दोरी ओढून हात भरून येतात, सेल्फ असेल तर बॅटरी उतरते. तासाभरानं तेच इंजिन काहीही न करता सुरू होतं. मिस्त्रीकडे नेलं तर सावलीत, थंड अवस्थेत ते उत्तम चालतं. मग अंदाजानं प्लग बदलले जातात, कार्बोरेटर साफ होतो, कधी पाच-सात हजारांचा सुटा भागही बसवला जातो, आणि पुढच्या कडक उन्हात तोच प्रकार होतो.

याचं मूळ कारण असं, की हा दोष थंड इंजिनात दिसतच नाही. तो पाहायचा तर इंजिन अडलेलं असताना, त्याच दहा-पंधरा मिनिटांत पाहावा लागतो. नेमकी तीच वेळ आपण दोरी ओढण्यात घालवतो. त्या वेळेत काय पाहायचं आणि त्यावरून काय ओळखायचं, हे होडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी नांगर टाका. खाडीच्या मुखाशी किंवा खडकांजवळ इंजिन अडलं, तर झाकण उघडण्याआधी होडी जागेवर धरली पाहिजे. दुपारी वारा वाढलेला असतो आणि ओहोटी असली तर होडी बघता बघता वाहत जाते. नांगर धरत नसेल आणि होडी खडकाकडे किंवा लाटा फुटतात तिकडे सरकत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडा. व्हीएचएफ वायरलेस संचाच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर लगेच कळवा.

आता इंजिनाकडे. ते केव्हा अडतं, यावरूनच अर्धं निदान होतं. चालतं इंजिन बंद करून लगेच, दोन मिनिटांत सुरू केलं तर होतं, पण दहा ते तीस मिनिटांनी होत नाही आणि तासाभरानं पुन्हा होतं, असं असेल तर बहुतेक वेळा गडबड पेट्रोलची असते. चालता चालताच इंजिन झटक्यात, बटण दाबल्यासारखं बंद पडलं आणि गार होईपर्यंत सुरू झालं नाही, तर ठिणगी पाहा. हळूहळू दम जाऊन, आवाज जड होऊन बंद पडलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा. सेल्फ नुसता कण्हत असेल, इंजिन पुरेशा वेगानं फिरतच नसेल, तर बॅटरी, तारा किंवा सेल्फची मोटर. हे वेळेचं गणित कुठल्याही मीटरआधी मांडावं. मिस्त्रीकडे जाताना हीच माहिती कागदावर लिहून न्यावी: किती वेळ चाललं, किती वेळ बंद होतं, टाकी किती भरलेली होती, पेट्रोलच्या नळीतला हातानं दाबायचा रबरी बल्ब कडक होता की मऊ, प्लग ओला होता की कोरडा.

बंद केल्यावरच इंजिन जास्त का तापतं, हे अनेकांना कोडं वाटतं. चालू असताना समुद्राचं पाणी आतून फिरत असतं. बंद करताच ते थांबतं, पण सिलिंडरच्या धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? ती झाकणाखाली पसरते आणि कार्बोरेटर, फ्युएल पंप व नळ्यांत शिरते. पुढची दहा ते वीस मिनिटं झाकणाखालचं तापमान उतरण्याऐवजी चढत असतं. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते मिसळल्यावर पेट्रोलचा मोठा भाग ७० अंशांच्या आसपासच उकळून जातो. त्यामुळे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून एक तर आत सांडतं आणि सिलिंडर ओला करतं, नाहीतर वाफ होऊन वाटी व नळी रिकामी होते. ही दोन्ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांचे उपायही उलट आहेत. म्हणूनच सरसकट 'चोक ओढ' हा सल्ला घातक ठरतो.

कुठलं दुखणं आहे ते प्लग सांगतो. प्लगचा पाना होडीवर असलाच पाहिजे. प्लग काढला आणि तो पेट्रोलनं ओला, वास उग्र, तर इंजिन 'भरलं' आहे. अशा वेळी चोक अजिबात ओढू नका, बल्ब दाबू नका, थ्रॉटल पूर्ण उघडून दहा-बारा वेळा दोरी ओढा, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडेल. हे न्यूट्रलमध्येच करायचं. काही इंजिनांत न्यूट्रलला थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, तिथे उघडेल तेवढं उघडावं. इंजिन पकडताक्षणी थ्रॉटल खाली आणा. पूर्ण थ्रॉटलवर भार नसताना ते भरमसाट फिरतं आणि पिस्टन-रॉडला दुखापत होते. प्लग कोरडा निघाला तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. तेव्हा झाकण काढून इंजिनाला हवा लागू द्या, ओलं फडकं फ्युएल पंपावर आणि नळीवर गुंडाळा, बल्ब कडक होईपर्यंत दाबा, दहा मिनिटं थांबा. तापलेल्या सिलिंडर हेडवर मात्र पाणी ओतू नका, धातू तडकतो. आणि कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सुरू करण्याचा जो प्रकार काही जण करतात, तो कृपा करून सोडा. उलटी ज्वाला आली तर होडीवर पळायला जागा नसते.

बल्बबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याच्याकडे फार दुर्लक्ष होतं. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि दाबताना इंजिनाकडचं टोक वर धरावं, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. बहुधा टाकीच्या किंवा इंजिनाच्या जोडणीतली ओ-रिंग खराब झालेली असते. इंजिन चालू असताना बल्ब चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीतली जाळी तुंबली आहे किंवा नळीचा आतला थर सुटून आत कोसळतो आहे, यांपैकी काही तरी. नळीचा हा आतला थर उन्हात मऊ पडल्यावरच कोसळतो. सकाळी तो ताठ असतो, म्हणून हा दोष गॅरेजमध्ये सापडत नाही. शंका आली तर नळी उभी चिरून पाहा. बसवताना इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या व्यासाची, पेट्रोलसाठीची आणि इथेनॉल सोसणारी नळीच बसवा. पाण्याची पारदर्शक प्लास्टिक नळी पेट्रोलनं आधी मऊ आणि मग कडक होते, आणि उन्हात जोडणीतून निसटते.

त्या हवेच्या स्क्रूमुळे दोन वेगवेगळ्या तक्रारी येतात. इंजिन चालू असताना तो बंद राहिला तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल थांबतं. इंजिन बंद करून होडी उन्हात उभी असताना तो बंद आणि नळी जोडलेली असली, तर तापलेल्या टाकीत दाब वाढतो. तो दाब कार्बोरेटरच्या सुईझडपेपलीकडे (वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या झडपेपलीकडे) पेट्रोल ढकलतो आणि इंजिन भरतं. म्हणून थांबताना टाकी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावी आणि इंजिनाकडची नळी काढून ठेवावी. पुन्हा निघताना आधी स्क्रू उघडून दाब सोडावा, मग नळी जोडावी.

इथेनॉलचा आणखी एक त्रास आहे. ते हवेतली ओल ओढतं. समुद्रावरच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिन पेट्रोल तळातूनच ओढतं. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनात घालू नका. जुन्या इंजिनांतला फ्युएल पंपाचा पडदा आणि सुईझडपेचं रबर या पेट्रोलमुळे फुगतं किंवा कडक होतं. असा पडदा थंड असताना कसंबसं काम करतो, आणि वाफ मिसळलेलं गरम पेट्रोल ओढायची वेळ आली की हरतो. पंपाचा किट दरवर्षी पावसाळ्याच्या बंदीत बदलला तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं माप ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली लागतं. अंदाजानं ओतलेलं कमी तेल उन्हाळ्यात पिस्टन घासतं, जास्त तेल प्लग काजळवतं. मापाचा पेला वापरा.

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाटीत रॉकेल असताना इंजिन बंद केलं, तर गरम असेपर्यंत ते सुरू होतं आणि थोडं निवलं की अडतं. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवून, वाटीतलं रॉकेल संपेपर्यंत काही मिनिटं चालवणं हाच उपाय.

फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना चोक आणि वाटी नसली तरी वाफेचा त्रास असतोच. झाकणाखालच्या लहान टाकीत वाफ वेगळी होते आणि तिथूनच विजेचा पंप पेट्रोल दाबानं पुढे पाठवतो. गरम इंजिन सुरू करताना किल्ली 'ऑन'ला नेऊन तीन-चार सेकंद थांबा. पंपाचा बारीक गुंजारव ऐकू आला पाहिजे. किल्ली बंद करून असं दोन-तीनदा करा, मगच सेल्फ मारा. गुंजारव आलाच नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाची जोडणी पाहा. काही इंजिनांत ही लहान टाकी समुद्राच्या पाण्यानं थंड केली जाते. ती बारीक नळी मिठानं तुंबली की ऐन उन्हाळ्यात हाच त्रास सुरू होतो, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता ठिणगी. इंजिन अडलेलं असताना ठिणगी आहे की नाही, हे त्याच क्षणी पाहिलं पाहिजे. त्यासाठी स्पार्क टेस्टर ठेवा, स्वस्त मिळतो. प्लग उघडा धरून पाहू नका, बाजूला पेट्रोलची वाफ असते. टेस्टरची क्लिप इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावा आणि ती प्लगच्या भोकांपासून दूर ठेवा. ठिणगी निळी-पांढरी आणि जोरकस हवी. अजिबात नसेल तर आधी लाल दोरीची सुरक्षा क्लिप पाहा, ती अर्धवट सुटलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मग स्टॉप स्विचकडे जाणारी वायर तात्पुरती सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या ओल्या-गंजलेल्या जोडणीत आहे. मात्र वायर सोडलेली असताना इंजिन बटणानं बंद होणार नाही. कार्बोरेटरचं इंजिन चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी काढून बंद करावं लागेल, हे आधीच ठरवून ठेवा. ही जोडणी चाचणीपुरतीच. किनाऱ्याला येताच स्विच दुरुस्त केला पाहिजे.

वायर सोडूनही ठिणगी नसेल तर इग्निशन कॉइल, फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल, ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांपैकी एक गरम झाल्यावर दगा देत आहे. कॉइलची बारीक तार आत कुठेतरी तुटलेली असते. गार असताना टोकं टेकतात, तापून फाकली की संपर्क तुटतो. गॅरेजमध्ये हे सहज पकडता येतं. कॉइल गार असताना मीटरनं ओहम मोजा आणि लिहून ठेवा. मग मीटर लावलेलाच ठेवून केस वाळवायच्या ड्रायरनं दहा मिनिटं गरम करा. तांब्याचा रोध दर १० अंशांना साधारण ४ टक्के वाढतो, तेवढी वाढ सरळ आहे. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटरनं 'ओपन' दाखवलं, तर कॉइल गेली. हे केल्याशिवाय महागडा सीडीआय बदलायला घेऊ नका. सीडीआय ओहमनं नीट तपासता येत नाही, म्हणून आधी कॉइल आणि जोडण्या निर्दोष ठरवून तो शेवटी बदलायचा असतो.

थंड पाण्याच्या मार्गाचं थोडक्यात लिहितो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे, फक्त केलं जात नाही. इंजिन सुरू होताच मागची धार जोरात पडली पाहिजे. वाळूच्या उथळ पाण्यात सतत चालवलं तर इंपेलरच्या (पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या) पाती आणि त्याखालची पत्रा-चकती झिजते. इंपेलर दर हंगामाला बदला. जुन्याची पात तुटलेली असेल तर तो तुकडा वरच्या मार्गात अडकलेला असतो, तो शोधून काढल्याशिवाय नवा इंपेलर बसवून उपयोग नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप, मिठानं चिकटतो. तो सोडवून गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर घालून पाहा. त्यावर छापलेल्या अंशांना, आउटबोर्डमध्ये बहुधा ५० ते ६०च्या दरम्यान, तो उघडायला हवा. थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन चालवू नका. दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवलं तर थर्मोस्टॅट उघडून पाणी आतपर्यंत पोचतं आणि मीठ धुऊन निघतं. दोन मिनिटांच्या धुण्यानं ते होत नाही.

कॉम्प्रेशन गार आणि गरम अशा दोन्ही वेळा, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. एका सिलिंडरचा आकडा दुसऱ्यापेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल, किंवा गरम झाल्यावर एकाचाच आकडा घसरत असेल, तर रिंगा किंवा पिस्टन पाहा. फोर-स्ट्रोकमध्ये एग्झॉस्ट व्हॉल्व्हची फट कमी पडलेली असली, की तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. ही फट इंजिन पूर्ण गार असताना, पुस्तकातल्या मापानं लावायची असते.

सेल्फ कण्हत असेल तर बॅटरी उभ्या अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीचा अधिक ध्रुव आणि सेल्फ मोटरचा बोल्ट यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तारेत किंवा हिरव्या पडलेल्या जोडणीत आहे, मोटर बदलायची गरज नाही. ऋण बाजूनंही असंच पाहावं.

डिझेलच्या मोठ्या बोटींवर हीच तक्रार वेगळ्या कारणानं येते. डिझेल तापलं की पातळ होतं. इंजेक्शन पंपाचे आतले भाग झिजलेले असतील, तर पातळ डिझेल फटींतून मागे गळतं आणि सेल्फच्या मंद वेगात नोझल उघडायला लागणारा दाब तयार होत नाही. फिरत्या रोटरचे पंप यासाठी कुप्रसिद्ध आहेत. ओळखायचं असं: इंजिन अडलं की गार पाण्यात भिजवलेलं जाड फडकं पंपावर दहा मिनिटं, अधूनमधून भिजवत ठेवा. त्यानंतर लगेच सुरू झालं तर पंप झिजला आहे, तो कॅलिब्रेशनच्या बाकावर न्यावा. पाणी थेट बादलीनं ओतू नका, आतला रोटर आणि बाहेरची खोळ वेगवेगळ्या वेगानं आकसून पंप जाम होऊ शकतो. फडक्यानं फरक पडला नाही तर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-अडवणारी विजेची झडप) तपासा, तोही तापून उघडायचं थांबतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की त्यानं इंधन आणखी पातळ होतं, वंगण कमी होतं आणि पंप लवकर झिजतो.

आमची एक ठोस मागणी आहे. प्रवासी आणि जलक्रीडेच्या बोटींची तपासणी करताना महाराष्ट्र सागरी मंडळानं गरम इंजिनाची चाचणी सक्तीची करावी. आज इंजिन सुरू करून दाखवलं की पुरेसं मानलं जातं, आणि ते गार असतं. बोट पाण्यात, भारासह अर्धा तास चालवावी, दोन मिनिटं मंद चालवून बंद करावी, झाकण लावलेलं ठेवून पंधरा मिनिटं थांबावं आणि मग सुरू करावं. पाच-सहा दोऱ्यांत किंवा पाच-पाच सेकंदांच्या तीन सेल्फमध्ये सुरू न झालेलं इंजिन दुरुस्त होईपर्यंत प्रवासी घेऊन पाण्यात जाऊ नये. ही चाचणी सकाळी नव्हे, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान व्हावी. मासेमारी सहकारी संस्थांनीही १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात आपल्या सभासदांच्या आउटबोर्ड इंजिनांचे फ्युएल पंप किट, इंपेलर आणि नळ्या एकत्र मागवून बदलून घ्याव्यात. एकत्र खरेदीत सुटे भाग स्वस्त पडतात, आणि बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीकडे लागणारी रांगही टळेल.

आपले,
किनारपट्टीवरील काही इंजिन मिस्त्री व होडीधारक
मालवण, जि. सिंधुदुर्ग